पिप्यातली कडुनिंबाची पानं

प्रभूच्या प्रार्थनेत रोजची भाकर मागण्याची एक ओळ आहे. गेल्या हिवाळ्यात त्या ओळीपाशी माझी जीभ अडू लागली. आधीच्या ओळी लहानपणापासूनच्या सवयीनं तोंडातून निघून जायच्या, पण भाकरीपाशी आलो की दातावर दात बसायचे. कारण माझी बायको कुसुम भाकरीच्या एका तुकड्यासाठी तरसून गेली होती. घरात धान्य होतं, गॅस होता, करून घालणारी माणसं होती. पण तिच्या अन्ननलिकेत गाठ होती आणि शेवटी शेवटी पाण्याचा घोटही खाली उतरत नव्हता. ज्या आकाशातल्या बापाकडे आम्ही दोघं पस्तीस वर्षं रोज भाकर मागत आलो, त्यानं तिला असं उपाशी का न्यावं, हे मला कोणी समजावू शकलं नाही. खरं सांगायचं तर मी कोणाला समजावूही दिलं नाही. आता आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी लिहून काढायला सांगितलं म्हणून लिहितो आहे. मला चारचौघांत उभं राहून साक्ष देण्याची सवय नाही, आणि जे झालं त्याला चमत्कार म्हणा असा माझा आग्रहही नाही.

बाभुळगावात माझं शिवणाचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे दोन खोल्यांचं घर. गाव मला मास्तर म्हणतं, तेव्हा इथंही तेवढंच नाव पुरे. आमची मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, लहान, जेमतेम चौदा घरांची. मंडळीत कोणी गेलं की पेटी सुतार करतो आणि पेटीच्या आतलं पांढरं कापड मी शिवतो. खाली कापूस पसरायचा, त्यावर कापड ताणून कडेनं चुण्या घालायच्या, उशीला बारीक झालर लावायची. माझे वडीलही हे काम करायचे. हाताला सवय झाली की मरणाचंही काही वाटेनासं होतं, असा माझा समज होता. स्वभावानं मी पहिल्यापासून तुसडा. गिऱ्हाइकाशी बोलताना तोंडात टाचण्या आणि बोलणंही तसंच. कुसुम म्हणायची, "अहो, पयले तोंडातल्या टाचण्या काढा, मंग बोला." ती हे हसून म्हणायची, म्हणून गिऱ्हाइकं टिकली.

आमच्या बायकांची एक रीत आहे. तिला नुसतं 'मूठ' म्हणतात. स्वयंपाकाला तांदूळ काढले, डाळ काढली, की धुण्याआधी त्यातली एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची. ती मूठ प्रभूची. रविवारी उपासनेला येताना तो डबा पदराखाली धरून आणायचा आणि वेदीच्या बाजूच्या पोत्यात रिकामा करायचा. ज्या घरात माणूस गेलं आणि चूल थंड पडली, त्या घरी या धान्याची पिशवी जाते. पोतं सांभाळतात सोनाबाई मावशी, मंडळीतल्या सगळ्यांत वयस्कर विधवा. हे सगळं बायकांचं खातं. आम्ही पुरुष त्यात कधी डोकावलो नाही. आमच्या स्वयंपाकघरात निळा छोटा डबा शेगडीजवळ असायचा आणि रविवारी तो रिकामा होऊन परत यायचा, एवढंच मला ठाऊक. मी तिला चिडवायचो, "मी इंचाइंचाचा हिशेब करतो अन् तू मुठीनं देतेस. मूठ कधी मोठी, कधी लहान. याला काय माप हाय?" ती म्हणायची, "मुठीले कायचं माप?"

पावसाळा लागताना तिचा घास अडकू लागला. यवतमाळला तपासण्या झाल्या, मग नागपूरच्या वाऱ्या झाल्या. डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता कागदाकडे बघून सांगितलं, तेव्हाच मी समजलो. मंडळीनं उपास-प्रार्थना धरली. चौदा घरांत दर शुक्रवारी कोणी जेवलं नाही. मीही जेवलो नाही, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी अगदी मनापासून, लाज सोडून मागितलं. आधी भाकर बंद झाली, मग भात, मग पेज. कुसुमची मूठ मात्र बंद झाली नाही. उभं राहवत होतं तोवर तीच स्वयंपाक करायची. पुढे ती खाटेवरून सांगायची आणि मी खिचडी टाकायचो. मला तेवढी एकच गोष्ट करता येते. तांदूळ-डाळ काढली की ती म्हणायची, "परात इकडं आना." मी परात तिच्यासमोर धरायचो. ती हात घालायची, पण बोटं मिटत नव्हती. कधी चिमूटभर, कधी दहा-पंधरा दाणे तिच्या तळहातावर यायचे, आणि तेवढे ती उशाशी ठेवलेल्या निळ्या डब्यात टाकायची.

एक दिवस माझा तोल गेला. मी परात आपटली. म्हणालो, "तुह्या गळ्याखाली थेंब उतरून नाई राह्यला, अन् तू त्याच्यासाठी मूठ काढून राह्यली? कायले? त्यानं तुले काय देल्लं?" बोलायला तिला त्रास व्हायचा, म्हणून ती शब्द जपून वापरायची. म्हणाली, "तुमी चिडू नोका. परात धरा." मी धरली. पण चेहरा दुसरीकडे केला. आजही ती परात हातात आहे आणि मी दुसरीकडे बघतो आहे, असं मला कधी कधी वाटतं.

नाताळाचे तारे घरोघर लागायच्या दिवसांत ती गेली. सकाळी दहाच्या सुमारास, माझा हात हातात असताना. पेटीचं कापड मलाच शिवायचं होतं. दुसऱ्या कोणाकडे मी ते दिलं नसतं. तिच्यासाठी पांढरा ब्लाउजही शिवला. तिची मापं मला तोंडपाठ, टेप लावायची गरज नव्हती, आणि तिथंच चूक झाली. माझे हात तिच्या जुन्या मापानं चालले. घातल्यावर तो ब्लाउज एवढा ढगळ झाला की बायकांना मागून टाचण्या लावाव्या लागल्या. इतकी वर्षं लोकांचे कपडे शिवले, पण बायकोचा शेवटचा कपडा मला मापात शिवता आला नाही.

दफनभूमीत सगळ्यांनी मूठमाती दिली. माझी पाळी आली तेव्हा मी माती उचलली, पण मूठ उघडेना. तशीच घट्ट धरून घरी आलो आणि नळाखाली हात धुतला.

तिसऱ्या दिवशी सोनाबाई मावशी दारात आल्या. हातात कापडी पिशवी होती, मंडळीची मूठ. पिशवीत काय आहे तेही मी पाहिलं नाही. दारातच म्हणालो, "मले कोनाच्या मुठी नोको. तुमच्या देवाले सांगा, त्याचं त्यालेच ठेव म्हना." ऐंशीच्या घरातली बाई, काठी टेकत आलेली. ती वळली आणि पिशवी घेऊन परत गेली. पुढे मंडळीतून पाळीपाळीनं डबे आले, तेही मी परत लावले. अमरावतीहून आलेली माझी मुलगी बारा दिवस राहिली. तिनं खूप समजावलं, सोबत चला म्हणाली, शेवटी तिची नोकरी होती म्हणून रडत गेली. नाताळच्या दिवशी चर्चची घंटा ऐकली आणि मी दाराला आतून कडी लावली.

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मला भूक लागायची. त्या भुकेचाच मला जास्त राग यायचा. जिनं महिनोन्महिने घासाकडे नुसतं बघत काढले, तिच्या नवऱ्याच्या पोटात भुकेनं कालवावं, हे मला बेशरमपणाचं वाटायचं. मी चहा प्यायचो, कधी एखादं बिस्कीट. मग बिस्कीटही सोडलं. दुकान बंद होतं. मुलीचा फोन आला की जेवलो म्हणून सांगायचो. तिच्यामागं असंच हळूहळू निघून जायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं आणि ते कोणाला कळू दिलं नव्हतं.

नाताळ होऊन दोन-तीन दिवस झाले असतील. दुपारी एका गिऱ्हाइकानं दार ठोठावलं. तिचं ब्लाउजचं कापड माझ्याकडे अडकून पडलं होतं आणि घरात लग्न होतं. अशी गाठोडी कुसुम मागच्या खोलीत ठेवायची. ते शोधायला मी वाकून तिच्या खाटेखाली हात घातला, तर हाताला पिपा लागला. तेलाचा पंधरा किलोचा पिपा, तोंडाला तिच्या जुन्या लुगड्याचा तुकडा सुतळीनं गच्च बांधलेला. गिऱ्हाइकाला कापड देऊन परत पाठवलं आणि मी तो पिपा सोडला. आत तांदूळ आणि तुरीची डाळ, एकत्र मिसळलेली, अर्ध्याहून जास्त भरलेली. मध्ये मध्ये कडुनिंबाची वाळलेली पानं.

मी जमिनीवर बसलो. मला वाटलं, ही जाताना माझी सोय करून गेली. हिला माहीत होतं की याला खिचडीशिवाय काही येत नाही, म्हणून तांदूळ-डाळ मिसळूनच ठेवली. ती गेल्यापासून मी रडलो नव्हतो. त्या दुपारीही रडलो नाही, पण उठलो, कुकर धुतला आणि खिचडी टाकली. पाणी कमी पडलं, खालून लागली. पानं नीट निवडली नव्हती, म्हणून कडूही लागली. तरी मी ती खाल्ली, कारण ती तिनं ठेवलेली होती. तिनं ठेवलेलं टाकून देण्याची माझी हिंमत नव्हती.

त्या दिवसापासून रोज एकदा मी पिप्यातली खिचडी करू लागलो. पानं वेचताना वैतागायचो. हिनं एवढा पाला कशाला घातला, असं पुटपुटायचो, आणि मग माझ्याच लक्षात यायचं की मी पुन्हा तिच्याशी बोलतो आहे. अंगात थोडी ताकद आली. दुकानाचं अर्धं दार उघडलं. प्रार्थना मात्र करत नव्हतो. जेवणाआधी मान खाली जायची ती सवयीनं, आणि भाकरीच्या ओळीपाशी मी पुन्हा वर बघायचो. कुसुमनं मला जगवलं, त्यानं नाही, असा माझा हिशेब होता.

महिनाभरात पिपा रिकामा झाला. ज्या सकाळी मी हात फिरवून तळाचे दाणे काढले, त्याच दिवशी दुपारी सोमलीबाई आली. याला योगायोग म्हणा, माझी हरकत नाही. सोमलीबाई पलीकडच्या तांड्यावरची, बंजारा समाजाची. तिची-माझी ओळख एवढीच की ती वर्षा-दोन वर्षांतून मुलींचे पोलके शिवायला टाकायची. डोक्यावर गाठोडं घेऊन ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बाई कुठी गेल्या, मास्तर?"

मी भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं.

तिनं गाठोडं खाली ठेवलं, ओढणी तोंडावर घेतली आणि उंबऱ्यातच बसून मोठ्यानं रडायला लागली. "याडी गं, माझी याडी," असं म्हणत, लांब सूर काढत. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात. आमच्या मंडळीतली माणसं हळू रडतात, रुमालात. इतकं उघडं रडणं माझ्या घरात कोणी रडलं नव्हतं. ते ऐकताना माझ्या आत काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि मी भिंतीला टेकून उभा राहिलो. थोड्या वेळानं डोळे पुसून तिनं सांगितलं.

"दिवाळीत माहा मालक गेला, मास्तर. आठ रोज चूल नाई पेटली. लेकी उपाशी. मी तुमच्याकडचे पोलके नेयाले आलती, त तुमी दुकानात नवते. बाई खाटेवर पडून होत्या. सोताले उठता येत नवतं, तरी मले आत बोलावलं. म्हने, हे देवाचं हाय. ज्या घरची चूल थंडी पडली, त्या घरचं हाय. घेऊन जा." तिनं आत येऊन खाटेखालच्या पिप्याकडे हात केला. "त्या पिप्यातनं देल्लं. आता तूर निंघाली, म्हून नवी डाळ भरडून आनली. त्याच्यातच टाकू द्या."

मी पिप्याकडे पाहत राहिलो. म्हणजे ती माझी सोय नव्हतीच. ती मूठ होती. निळा डबा भरला की ती त्यात रिकामा करत होती, आजारपणामुळं चर्चला जाता येत नव्हतं म्हणून साठलेली. महिनाभर मी ज्याच्याशी अबोला धरला होता त्याचंच धान्य खात होतो, आणि ते खाऊन वर त्यालाच शिव्या देत होतो. पण याहून जास्त मला जे लागलं ते वेगळंच होतं. तिनं माझ्यासाठी एक दाणाही ठेवला नव्हता. सगळं त्याचं होतं. एका वयस्कर माणसानं देवाचा मत्सर करावा, हे वाचणाऱ्याला हसू येईल, पण मला त्या घटकेला तसाच मत्सर वाटला. ती दुसऱ्यांदा गेली असं वाटलं.

"मी खाल्लं," मी सोमलीबाईला म्हणालो. "समदं खाल्लं. पिपा रिकामा हाय."

"मंग?" ती म्हणाली. "तुमचीबी चूल थंडीच होती ना?"

तिनं डाळ पिप्यात ओतली, गाठोडं झटकलं आणि फोटोला हात जोडून गेली. तिच्या बोलण्यानं त्या वेळी माझं समाधान झालं नाही. हिला आमची रीत काय ठाऊक, असं मी मनात म्हणालो.

त्याच दिवशी पिपा सायकलच्या कॅरियरला बांधून मी सोनाबाई मावशींकडे गेलो. ज्या बाईला दारातून परत लावलं, तिच्या दारात जाणं सोपं नव्हतं. मावशी ओट्यावर सुपात गहू निवडत होत्या. मी पिपा त्यांच्यासमोर ठेवला आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. "मावशी, मूठ मी खाल्ली. मले माहीत नवतं. जेवढी खाल्ली तेवढी भरून देतो."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. पिप्यात वाकून पाहिलं, कडेला चिकटलेलं एक पान काढलं आणि म्हणाल्या, "बसा, मास्तर. कायले भरून देता? थे तुमचंच होतं."

मला वाटलं, म्हातारी समजूत काढते आहे. पण त्या सांगत गेल्या, आणि सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, हातातल्या पानाकडे बघत होत्या.

"दसऱ्याच्या आगंमागं मी कुसुमकडं आलती. म्हटलं, पोरी, पिपा भराले आला, नेऊ काय चर्चात? त मले म्हने, नोको मावशी. मी गेल्यावर तुमी पिशवी घेऊन यासान, पन थे घेनार नाईत. दारातूनच वापस लावतीन. माह्या मानसाचा सोभाव मले माहीत हाय. चिडतीन, अन् उपाशी राहातीन. म्हून हे घरातच राहू द्या. घरातलं हाय म्हून खातीन." त्यांनी पदरानं डोळे टिपले. "मी म्हटलं, अवं, मूठ घरी ठेवत नसते, थे देवाचं असते. त म्हने, मी इचारलं त्याले. थो म्हने, ठेव."

मी ओट्यावर बसलो.

"चर्चाच्या आवारातला कडुनिंब मीच तोडून नेला. दर खेपेले मीच डबा पिप्यात ओतला अन् पाला घातला," मावशी म्हणाल्या. "रविवारच्या रविवारी रिकाम्या होनाऱ्या मुठीले कोनी पाला घालते काय, मास्तर? टिकाचं असते त्यालेच घालते."

ती पानं मी महिनाभर वेचून फेकली होती. रोज माझ्या हातात येत होती ती. त्या ओट्यावर बसून मी रडलो. सोमलीबाईसारखाच रडलो, आवाज काढून, आणि रस्त्यानं जाणारे थांबून बघत होते तरी थांबलो नाही. ज्या परातीसमोर मी चेहरा फिरवून उभा होतो, त्या परातीतून ती माझ्यासाठी दाणे वेचत होती. बोटं मिटत नसताना, दहा-दहा, पंधरा-पंधरा. आणि मी तिला विचारलं होतं, त्यानं तुला काय दिलं. ती तेव्हाच मला सगळं सांगू शकली असती. सांगितलं असतं तर मी ते धान्यही खाल्लं नसतं, हे तिला माहीत होतं.

मावशींनी मला पाणी दिलं. मी म्हणालो, "मावशी, त्या दिवशी मी तुमाले लय बोललो." त्या म्हणाल्या, "मी आयकलंच नाई. मले आदीच सांगून ठेवलं होतं तिनं, का असं होईन म्हून."

इतक्या महिन्यांनंतर मी या सगळ्याचा विचार करतो तेव्हा माझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मिळाली असं मी म्हणणार नाही. कुसुम परत आली नाही. तिला तसं दुखणं का आलं, ते मला आजही कळत नाही, आणि कोणी पटकन उत्तर दिलं तर मला अजूनही चीड येते. मंडळीनं मागितलं ते मिळालं नाही, हे खरंच आहे. पण एवढं मला दिसलं की ज्याला मी दारातून हाकलून लावलं, तो त्याआधीच माझ्या घरात येऊन बसला होता, खाटेखाली, एका पिप्यात. मला त्याला आत घ्यावं लागलं नाही. त्यानं माझ्या रागाची, माझ्या हट्टाचीही सोय करून ठेवली होती. त्यातलं कुसुमचं प्रेम कुठं संपतं आणि त्याची कृपा कुठं सुरू होते, ती शिवण मी शोधली. माझ्या डोळ्यांना ती अजून दिसलेली नाही. मी आयुष्यभर सगळं मापात बसवत आलो. आता काही गोष्टी मापाशिवाय घ्यायला शिकतो आहे, या वयात जमेल तसं.

मावशींनी सोमलीबाईची डाळ पोत्यात घेतली नाही. ती घरी न्या म्हणाल्या. मी तांदूळ विकत आणले. आठवडाभर रोज खिचडी टाकण्याआधी मी एक मूठ काढून निळ्या डब्यात टाकली. माझा हात मोठा, त्यामुळं पहिल्या दिवशी मला खिचडी कमी पडली.

रविवारी मी चर्चला गेलो. आमच्याकडे मूठ बायकाच आणतात, पुरुषानं आणल्याचं कोणी पाहिलेलं नाही. पाळकसाहेबांनी सांगितल्यावर बायका डबे घेऊन उठल्या आणि मीही उठलो. काही जण वळून बघायला लागले. मी बायकांच्या रांगेत शेवटी उभा राहिलो. माझी पाळी आली तेव्हा पोत्याशी बसलेल्या मावशींनी माझ्याकडे वर पाहिलं आणि पोत्याचं तोंड दोन्ही हातांनी मोठं केलं. मी डबा रिकामा केला. मग सगळ्यांनी प्रभूची प्रार्थना म्हटली. भाकरीच्या ओळीपाशी माझा आवाज निघाला नाही. पण या वेळी मी मान वर केली नाही, आणि माझ्या आजूबाजूला उभ्या असलेल्या बायकांनी ती ओळ म्हटली ती मी नीट ऐकली.

येताना दफनभूमीवरून आलो. राहिलेली मूठमाती दिली. घरी येऊन खिचडी टाकली, ताट वाढलं आणि तिच्या खाटेसमोर बसलो. घरात कोणी नव्हतं. मी प्रार्थना सुरू केली, सावकाश, एकेक शब्द. ती ओळ आली. मी ती म्हटली. मग पहिला घास घेतला, आणि तो खाली उतरला.